आर्थर कॉर्नबर्ग

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात ३ मार्च १९१८ रोजी आर्थर कॉर्नबर्ग यांचा जन्म झाला. त्यांचे आईवडील युरोपातून पोटापाण्यासाठी अमेरिकेत आले होते. वडिलांनी जवळजवळ तीस वर्षे कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्र चालविले आणि प्रकृती ढासळल्यावर लोखंडी सामानाचे लहानसे दुकान थाटले. तेथे नऊ वर्षांचा आर्थर गिऱ्हाइकांना सामान काढून देई. पुढे तो डॉक्टर झाला.

विद्यार्थिदशेत त्यांना सौम्य कावीळ होती. दुसरा एखादा औषध घेऊन स्वस्थ बसला असता. यांनी आपल्या सहाध्यायांची तपासणी करून काविळीवर निबंध लिहिला. तो वाचूनच जहाजावर डॉक्टर असलेल्या या तरुणाला सरकारी संशोधनसंस्थेत बोलावणे आले. तेथे त्यांना विकरांचे वेड लागले. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांना विकरे म्हणतात. लाळेतील विकर भाकरीतील पिष्टाची साखर करते, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

आपल्या पेशींत डी. एन. ए. नावाचा दुपदरी, लांबलचक रेणू असतो. शरीराच्या घडणीचा सारा मजकूर त्यात जणू चार अक्षरांत लिहिलेला असतो. एका पेशीच्या दोन होताना त्या मजकुराची नक्कल व्हावी लागते. ती कोण करते? सेंट लुई येथील प्रयोगशाळेत कॉर्नबर्ग यांनी जीवाणूंचा रस काढून त्यात खुणेची किरणोत्सारी अक्षरे मिसळली. दहा लाखांत जेमतेम पन्नास खुणा नव्या डी. एन. ए.मध्ये उतरल्या! एवढ्याशा धाग्यावरून त्यांनी माग काढला आणि १९५६ मध्ये ते विकर हाती लागले. त्याचे नाव डी. एन. ए. पॉलिमरेज. पाटीवरचा कित्ता पाहून मूल अक्षरे गिरवते, तसे हे विकर जुना पदर पाहून नवा पदर जुळवीत जाते. कित्ता नसेल, तर त्याचे काम अडते.

या शोधावरील लेख एका नियतकालिकाने प्रथम नाकारले. ते १९५८ मध्ये छापून आले. आणि १९५९ मध्ये तर कॉर्नबर्ग यांना सेव्हेरो ओचोआ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले! १९६७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विषाणूचा डी. एन. ए. परीक्षानळीत तयार केला. जीवाणूंत सोडताच त्यापासून नवे विषाणू उपजले.

परंतु १९६९ मध्ये जॉन केर्न्स व पॉला डी लुसिया यांनी एक विलक्षण जीवाणू शोधून काढला. त्यात कॉर्नबर्ग यांचे विकर जवळजवळ नव्हतेच, तरीही तो खुशाल वाढत होता. मग मुख्य नक्कल करणारे विकर दुसरेच असले पाहिजे! कॉर्नबर्ग यांच्यावर टीकेचा भडिमार झाला.

त्यांचा मधला मुलगा थॉमस हा चेलो नावाचे तंतुवाद्य शिकत होता. हाताच्या दुखण्याने त्याचे वादन थांबले होते. वडिलांच्या शोधावरील टीका त्याच्या जिव्हारी लागली. विकरशास्त्राचा फारसा अनुभव नसताना तो न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेत कामाला लागला आणि थोड्याच अवधीत त्याला आणखी दोन पॉलिमरेजे सापडली. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाचे विकर मुख्य नक्कल करते, हे पुढे सिद्ध झाले. वडिलांचे विकरही निरुपयोगी नव्हते. डी. एन. ए.ची दुरुस्ती करणे आणि नकलेत राहिलेल्या फटी भरणे, ही त्याची कामे. घरातल्या डागडुजीवाचून घर किती दिवस उभे राहील?

थोरला मुलगा रॉजर यानेही २००६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविले. तो सोहळा डोळे भरून पाहण्याचे भाग्य वृद्ध पित्याला लाभले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.