विश्लेषण : दोन डोळ्यांचे गणित मांडणारे व्हीटस्टन कोण होते? अंधारात रोबोट का चुकतात?

चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर डावा आणि उजवा असे दोन दिशादर्शक कॅमेरे होते. दोन्ही चित्रांतल्या किंचित फरकावरून समोरचा खड्डा किती दूर आहे हे काढता येते. ही युक्ती १८३८ मध्ये लंडनमध्ये सिद्ध केली चार्ल्स व्हीटस्टन यांनी. बारावीच्या प्रयोगशाळेतल्या ‘व्हीटस्टन ब्रिज’मुळे हे नाव अनेकांना आठवेल. गंमत अशी, की तो ब्रिज मूळचा त्यांचा नाहीच. सॅम्युअल ख्रिस्टी यांनी तो आधी मांडला होता, व्हीटस्टन यांनी लोकांपर्यंत नेला.

वाद्यांच्या दुकानातून...

जन्म १८०२ चा, इंग्लंडमधील ग्लॉस्टरजवळचा. घरात वाद्ये बनवण्या-विकण्याचा व्यवसाय. ध्वनीचे प्रयोग करता करता कॉन्सर्टिना हे वाद्य घडले आणि १८३४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पण श्रोत्यांसमोर उभे राहिले की त्यांची बोलती बंद होई. त्यांच्या संशोधनावर व्याख्याने दिली ती मित्र मायकेल फॅरेडे यांनी. कूक यांच्यासह १८३७ मध्ये तारयंत्राचे पेटंट घेतले, पुढे श्रेयावरून दोघांचे बिनसले.

स्टिरिओस्कोपने काय दाखवले?

काटकोनात दोन आरसे, दोन बाजूंना दोन रेखाचित्रे. प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दिसे आणि समोर घन आकार उभा राही. चित्रांत छायाप्रकाश मुद्दाम नव्हता. खोलीचा भास सावल्यांमुळे होतो, अशी शंका कुणी घेऊ नये म्हणून! डेव्हिड ब्रूस्टर यांनी पुढे भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप आणला, तो घरोघरी पोहोचला आणि १८५६ मध्ये मूळ शोधाच्या श्रेयावरून वृत्तपत्रात जाहीर वाद रंगला. व्हीटस्टन यांना १८६८ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. १८७५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

मग अंधारात अडते कुठे?

त्या रेखाचित्रांत रेषा ठसठशीत होत्या. रोबोटलाही तेच हवे असते. डाव्या चित्रातला बिंदू उजव्या चित्रात नेमका कुठे सरकला, हे संगणक शोधतो. समजा, एक मीटरवरची वस्तू ५० पिक्सेल सरकते. मग दहा मीटरवरची फक्त पाच. मोजताना एका पिक्सेलची चूक झाली, पाचाऐवजी चार धरले, की दहा मीटरचे साडेबारा होतात. जवळच्या वस्तूत हीच चूक जेमतेम दोन सेंटिमीटरची.

कमी उजेडात कडा पुसट होतात आणि चित्रात दाणे येतात. हे दाणे दोन्ही कॅमेऱ्यांत वेगवेगळे असल्याने चुकीच्या जोड्या जुळतात. जास्त वेळ प्रकाश घ्यावा, तर चालत्या रोबोटचे चित्र फरपटते. त्यामुळे काही यंत्रे समोर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे ठिपके टाकतात, म्हणजे कोऱ्या भिंतीवरही जुळवायला खुणा मिळतात. अंधुक चित्रांवर न्यूरल नेटवर्कना शिकवण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. ठिपक्यांचा उपाय गोदामात छान चालतो. उघड्या माळावर रात्री मात्र ते ठिपके थोड्याच अंतरावर विरून जातात.