‘इतरां’च्या संघातला भारताचा कर्णधार

क्रिकेटच्या इतिहासात पराभूत संघाच्या खेळाडूचे नाव विजेत्यांहून अधिक काळ टिकल्याची उदाहरणे थोडी आहेत. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर १९४३-४४ च्या हंगामात झालेला पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना हे त्यांपैकी एक. ‘हिंदू’ संघाने पाच बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला होता आणि विजय मर्चंट २५० धावांवर नाबाद होते. प्रतिस्पर्धी संघ १३३ धावांत गारद झाला. फॉलोऑननंतर त्याने ३८७ धावा केल्या, आणि त्यातील ३०९ धावा एकाच फलंदाजाच्या होत्या. उरलेले दहा जण आणि अवांतर धावा यांची बेरीज अवघी ७८ भरली. या फलंदाजाने आपल्या धाकट्या भावाबरोबर ३०० धावांची भागीदारी केली, तीत भावाचा वाटा २१ धावांचा होता. संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. त्या संघाचे नाव होते ‘रेस्ट’, म्हणजे ‘इतर’, आणि फलंदाजाचे नाव विजय सॅम्युअल हजारे.

पुढे आठ वर्षांनी याच हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. धर्माच्या नावावर संघ पाडले जात असताना ‘उरलेल्यां’च्या यादीत बसवलेला एक मराठी माणूस देशाच्या संघाचा कर्णधार कसा झाला, याची ही कहाणी आहे.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. घर मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती, वडील शाळेत शिक्षक, भावंडे आठ. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी काम उभे केले होते. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन होते, नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवले होते, तर कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळा आणि रुग्णालये होती. या परिसरांत घडलेला ख्रिस्ती समाज संख्येने लहान होता. मात्र त्याची बोली, आडनावे आणि घरातले वळण सारे मराठीच राहिले. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनातून तो मराठी साहित्यात आला, तसा हजारे यांच्या बॅटीतून तो मराठी क्रिकेटमध्ये आला.

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाली. त्याच हंगामात हजारे महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. त्या काळी क्रिकेटवर उदरनिर्वाह होण्याजोगे दिवस नव्हते. गुणी खेळाडूला कुणा संस्थानिकाचा आश्रय शोधावा लागे. हजारे यांना तो देवास संस्थानात मिळाला. क्रिकेटवेडे राजे विक्रमसिंहराव पवार यांनी त्यांना नोकरीत घेतले. ऑस्ट्रेलियाचे विख्यात लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट त्या सुमारास प्रशिक्षणासाठी भारतात आले होते. त्यांचेही मार्गदर्शन हजारे यांना लाभले. हजारे यांचा उभा राहण्याचा ढब पाहणाऱ्याला खटकणारा होता, कारण बॅट ते दोन्ही पॅडच्या मध्ये धरीत. ग्रिमेट यांनी मात्र तो बदलू नये असाच सल्ला दिला, असे सांगितले जाते. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाने भारतात केलेले ते पहिले त्रिशतक होते. थोड्याच काळात ज्या बडोद्याविरुद्ध ते खेळले, त्याच बडोदे संस्थानाने त्यांना आपल्याकडे घेतले आणि अखेरपर्यंत बडोदे हेच त्यांचे गाव झाले.

रणजी स्पर्धेत संघ प्रांताचा किंवा संस्थानाचा असे. परंतु प्रेक्षकांची खरी गर्दी होई ती मुंबईच्या पंचरंगी सामन्यांना, आणि तेथे संघ धर्माचे असत. या स्पर्धेचे मूळ १८९२ पासून नियमितपणे होऊ लागलेल्या युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामन्यांत होते. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुस्लिम आले आणि ते चौरंगी झाले. या चार चौकटींत न मावणाऱ्यांसाठी १९३७ मध्ये पाचवी चौकट तयार झाली. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा सर्वांना एकत्र करून ‘रेस्ट’ संघ उभा राहिला. बाकीच्या चार संघांना निदान स्वतःचे नाव होते. या पाचव्या संघाची ओळख मात्र तो कोण नाही, एवढ्यावरच बेतलेली होती.

त्यातून निर्माण होणारी विसंगती बडोद्याच्या संघात स्पष्ट दिसे. रणजी सामन्यासाठी हजारे, गुल महंमद आणि हेमू अधिकारी एकाच तंबूत बसत. मुंबईत आल्यावर अधिकारी हिंदूंकडून, गुल महंमद मुस्लिमांकडून आणि हजारे ‘इतरां’कडून खेळत. ही वाटणी ना कौशल्याची होती, ना गावाची. ती केवळ जन्माची होती.

राष्ट्रीय चळवळीत या सामन्यांविषयी अस्वस्थता होतीच. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले. गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या सामन्यांना स्पष्ट नापसंती दर्शवली. महाविद्यालयांनी किंवा संस्थांनी आपापसांत सामने खेळावेत हे त्यांना समजू शकत होते. हिंदू, पारशी, मुस्लिम अशी संघांची विभागणी करण्याचे कारण मात्र त्यांना उमगत नव्हते. शिवाय सत्याग्रहामुळे असंख्य कार्यकर्ते तुरुंगात असताना असा उत्सव साजरा करणे त्यांना उचित वाटत नव्हते. यावर वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. स्पर्धेच्या समर्थकांचे म्हणणे असे, की मैदानावर भिन्नधर्मीय खेळाडू खिलाडूपणे भेटतात, प्रेक्षक प्रतिस्पर्ध्याच्या खेळालाही दाद देतात, आणि भारतीय क्रिकेटमध्ये एवढा प्रेक्षक दुसरे कुणी खेचू शकत नाही.

या दोन्ही बाजूंत तथ्य होते, आणि हजारे यांची कारकीर्द त्या दोहोंची साक्ष देते. त्यांना अखिल भारतीय कीर्ती मिळाली ती याच स्पर्धेने. १९४३-४४ च्या हंगामात मुस्लिम संघाविरुद्ध त्यांनी २४८ धावा केल्या. मर्चंट यांनी अंतिम सामन्यात २५० धावा करून तो विक्रम मागे टाकला, आणि हजारे यांनी त्याच सामन्यात ३०९ धावा करून तो पुन्हा आपल्याकडे आणला. मर्चंट आणि हजारे या दोन विजयांच्या चुरशीवर मुंबईचे क्रिकेटरसिक लुब्ध झाले. पण ‘इतरां’च्या संघाला ही स्पर्धा एकदाही जिंकता आली नाही. पाठीशी मोठा समाज नाही, खेळाडू निवडायला मोठे क्षेत्र नाही, अशा संघात एकट्याने लढणे हेच हजारे यांच्या वाट्याला आले. १९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी सामने कायमचे बंद झाले.

त्यानंतर वर्षभरातच, मार्च १९४७ मध्ये, बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे तीन फलंदाज ९१ धावांत परतले होते. तेथून हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. गुल महंमद यांनी ३१९ आणि हजारे यांनी २८८ धावा केल्या. बडोद्याने एक डाव आणि ४०९ धावांनी करंडक जिंकला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी झालेली ती त्या वेळची सर्वांत मोठी भागीदारी होती. ५९ वर्षांनंतर, २००६ मध्ये, श्रीलंकेच्या कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी ६२४ धावा करून ती मागे टाकली.

ही आकडेवारी क्रिकेटप्रेमींना पाठ असते. तिच्या मागचा काळ मात्र सहसा सांगितला जात नाही. त्याच मार्च महिन्यात पंजाबात भीषण दंगली उसळल्या होत्या आणि गुल महंमद यांचे जन्मगाव लाहोर त्यात होरपळत होते. देशाच्या फाळणीला जेमतेम पाच महिने उरले होते. पंचरंगीत एकमेकांच्या विरोधात उभे राहणारे एक मुस्लिम आणि एक ख्रिस्ती फलंदाज बडोद्याच्या मराठी संस्थानिकाच्या संघाकडून खांद्याला खांदा लावून खेळत होते. पुढे गुल महंमद भारताकडून आठ कसोटी खेळले, नंतर पाकिस्तानात गेले, आणि १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले. भागीदारीच्या विक्रमापुढे मात्र ही दोन नावे कायम जोडीनेच लिहिली गेली.

हजारे यांची कसोटी कारकीर्द १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर भारताचा पहिला दौरा ऑस्ट्रेलियाचा होता आणि समोर डॉन ब्रॅडमन यांचा अजिंक्य संघ होता. जानेवारी १९४८ मधील ॲडलेड कसोटीत ब्रॅडमन यांनी २०१ धावा केल्या आणि त्यांचा त्रिफळा उडवला तो हजारे यांनी. फलंदाजीत त्यांनी लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यासमोर पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा काढल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. भारत तो सामना डावाने हरला. पंचरंगीतील ‘इतरां’च्या संघात जे घडले, तेच भारतीय संघातही घडत होते. पडझड होत असताना एका टोकाला उभे राहणे, हाच हजारे यांचा स्थायीभाव बनला होता.

१९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला आणि कर्णधारपद हजारे यांच्याकडे आले. दिल्लीत नाबाद १६४ आणि मुंबईत १५५ धावा करून त्यांनी मालिकेचा आरंभ केला. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासच्या पाचव्या कसोटीत भारताने इंग्लंडला एक डाव आणि आठ धावांनी हरवले. पहिल्या कसोटीपासून जवळजवळ वीस वर्षे भारत या क्षणाची वाट पाहत होता. विनू मंकड यांनी सामन्यात बारा बळी घेतले. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली. संघाची यादी आज पाहिली तर तिचे महत्त्व ध्यानात येते. हैदराबादचे गुलाम अहमद, इंदूरचे मुश्ताक अली, पारशी उम्रीगर, बंगाली रॉय आणि खोकन सेन, मद्रासचे गोपीनाथ, आणि कर्णधार सांगलीचे ख्रिस्ती हजारे. सहा वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईत ही मंडळी धर्मानुसार वेगवेगळ्या संघांत विभागली गेली असती.

कर्णधारपदाने हजारे यांना सुख दिले, असे म्हणता येणार नाही. स्वभाव अबोल आणि संकोची, डावपेच बचावाकडे झुकणारे, त्यामुळे टीका पुष्कळ झाली. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्सला दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्य धावांवर चार बाद अशी झाली. तेव्हाही हजारेच खेळपट्टीवर गेले आणि ५६ धावा करून परतले. पहिल्या डावात तरुण विजय मांजरेकर यांच्यासह त्यांनी २२२ धावांची भागी केली होती. १४ कसोटींत नेतृत्व केल्यानंतर १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याने त्यांची कसोटी कारकीर्द संपली. ३० कसोटींत ४७.६५ च्या सरासरीने २,१९२ धावा आणि सात शतके, तर प्रथम श्रेणीत साठ शतके, हा त्यांचा हिशेब आहे. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले.

अशा खेळाडूचे स्मरण समाज कसे ठेवतो, याचे एक दूरचे उदाहरण उद्बोधक आहे. आयर्लंडमध्ये १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचे खेळ प्रामुख्याने कॅथलिक समाजाचे मानले जात. तरीही त्या देशातील गेलिक फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत १९२८ पासून दिला जाणारा चषक सॅम मॅग्वायर या प्रॉटेस्टंट खेळाडूच्या नावाचा आहे. अंतिम सामना जिंकणारा कर्णधार दरवर्षी तो उंचावतो, तेव्हा त्यावर कोरलेल्या नावाचा धर्म कुणी विचारीत नाही. भारतात राज्यांच्या संघांमधील एकदिवसीय सामन्यांच्या स्पर्धेला विजय हजारे करंडक हे नाव आहे.

दिंडोरी किंवा नाशिकच्या मैदानावर लेदर बॉलने खेळणाऱ्या मुलाला राज्याच्या संघात जायचे असेल, तर त्याचा रस्ता महाराष्ट्राच्या संघाकडे जातो. हजारे यांनी पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला तो याच संघाकडून. तेथवर पोहोचण्यासाठी धावा आणि बळी लागतात, आणि निवड होते ती जिल्ह्याच्या व राज्याच्या नावाने. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते, की तिच्यासाठी कधी वाद झाला होता हेही आठवत नाही. ज्या स्पर्धेत हा मुलगा एकदिवसीय सामने खेळेल, तिला नाव आहे एकेकाळी ‘इतर’ म्हणून गणल्या गेलेल्या सांगलीच्या एका शिक्षकाच्या मुलाचे.