पोरगं शाळेत गेलं नाही तर बापाला दंड! बडोद्याच्या सयाजीरावांनी सरकार असं कामाला लावलं

बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी चांदीच्या तोफा करून घेतल्या होत्या. त्यांच्यानंतर भाऊ मल्हारराव गादीवर आले आणि त्यांनी थेट सोन्याच्या तोफा ओतून घेतल्या.

आता या तोफांचा पैसा यायचा कुठून? तर शेतसाऱ्यातून. आणि सारा गोळा करायला सरकारी माणूस नसायचा, इजारदार असायचा. एखाद्या महालाची वसुली दरबार मक्त्यानं देऊन टाकायचा. मक्तेदारानं ठरलेली रक्कम दरबारात भरायची आणि वर शेतकऱ्याकडून जेवढं ओरबाडता येईल तेवढं आपल्या घरी न्यायचं. पीक बुडालं काय, माणूस मेला काय, दरबाराला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

शेवटी १८७४ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअरवर विषप्रयोग झाल्याचं प्रकरण बाहेर आलं. चौकशी आयोग बसला. आयोगातल्या तीन इंग्रज सदस्यांना मल्हारराव दोषी वाटले, तीन भारतीय सदस्यांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. मग इंग्रजांनी विषाचा मुद्दा सोडला आणि गैरकारभाराचं कारण दाखवून १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून खाली खेचलं.

आता गादीवर बसवायचं कुणाला?

खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. गायकवाडांची एक शाखा नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळच्या कवळाणे गावात शेती करून राहत होती. तिथला बारा वर्षांचा गोपाळ निवडला गेला. त्याला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि शेतकऱ्याचा गोपाळ महाराजा सयाजीराव झाला.

पुढची सहा वर्षं या पोरानं अभ्यासच केला. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिकवायला होते. मराठी, गुजराती, इंग्रजी, हिशेब, कायदा असं सगळं एकदम सुरू झालं. राज्य तोवर दिवाण सर टी. माधवराव सांभाळत होते. त्रावणकोर आणि इंदूरला दिवाणगिरी करून आलेला हा पक्का प्रशासक. त्यांनी इजारा बंद केला, दरबारी खर्चाला कात्री लावली, कोर्टकचेऱ्यांची घडी बसवली. सयाजीरावांच्या नावापुढे हे सगळं सहज जोडलं जातं, पण पाया माधवरावांनी घातला होता हे सांगायलाच हवं.

२८ डिसेंबर १८८१ ला सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले, तेव्हा ते १८ वर्षांचे होते.

हे राज्यही विचित्र होतं. बडोदा, नवसारी, कडी आणि अमरेली असे चार प्रांत, एकमेकांपासून तुटलेले, मधेमधे इंग्रजांचा आणि इतर संस्थानिकांचा मुलूख. अमरेली तर पार काठियावाडात. राजधानीतून हुकूम सुटला तरी तिथल्या गावात तो पाळला जाईल याची खात्री नाही. त्यामुळे सयाजीरावांनी आधी सगळी यंत्रणाच दुरुस्त करायला घेतली. जमिनीची मोजणी करून सारा ठरवला गेला. लोकांना छळणारे बरेच किरकोळ कर काढून टाकले. न्यायाधीशाचं काम आणि वसुली अधिकाऱ्याचं काम वेगळं केलं. म्हणजे सारा वसूल करणाराच तक्रारीचा निकाल देणार, ही भानगड संपली. ही मागणी ब्रिटिश हिंदुस्थानात काँग्रेस वर्षानुवर्षं करत होती, इंग्रज दाद देत नव्हते. राज्याच्या कारभाराचे वार्षिक अहवालही छापून निघायचे.

हे वाचायला जरा कोरडं वाटेल, पण पुढचं सगळं यावर उभं होतं.

१८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागातल्या मोजक्या गावांत एक प्रयोग केला. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं, तेही मुलींसकट. आधी थोडक्या गावांत करून बघायचं, शिक्षक किती लागतात, पैसा किती लागतो, लोक काय म्हणतात ते पाहायचं आणि मगच पुढं जायचं. तेरा वर्षं हा प्रयोग चालला. १९०६ मध्ये कायदा संपूर्ण राज्याला लागू झाला. मुलांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० अशी वयाची अट होती. हिंदुस्थानात असं करणारं हे पहिलं राज्य. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक कलकत्त्याच्या कौन्सिलात मांडलं, तेव्हा त्यांच्या हाताशी बडोद्याचं उदाहरण होतं. पुढच्याच वर्षी सरकारनं ते विधेयक पाडलं.

सगळं गोडगोड झालं असं मात्र नाही. पोरगं शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड होता. ज्याच्या घरी गुरं राखायला दुसरं कुणी नाही, तोच पोराला घरी ठेवणार आणि तोच दंड भरणार. म्हणजे ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यातल्या सगळ्यात गरीब माणसाच्याच खिशाला चाट बसायची. याबद्दल कायद्यावर टीका झाली आणि ती काही खोटी नव्हती.

त्याही आधीचा एक आकडा आहे. १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ. १८९१ च्या जनगणनेत बडोद्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. म्हणजे वीस वर्षं सुधारणा करणाऱ्या राजाच्या राज्यातही उपासमार आणि रोगराईनं गावंच्या गावं रिकामी केली.

शाळा सुरू झाल्या तशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. चौथीपर्यंत शिकलेलं पोरगं शेतात गेलं की चार वर्षांत अक्षरं विसरतं, कारण गावात वाचायला कागदच नाही. यावर उपाय शोधायला १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय झालं, मुलांसाठी वेगळा विभाग झाला. गावांसाठीची योजना तर फारच हुशारीची होती. खर्चाचा एक हिस्सा गावानं लोकवर्गणीतून उभा करायचा, एक हिस्सा प्रांत पंचायतीनं द्यायचा आणि एक हिस्सा सरकारनं. गावाचे स्वतःचे पैसे गुंतले की गाव वाचनालयाकडे लक्ष ठेवतं, हा साधा हिशेब. जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांनी भरलेल्या पेट्या जायच्या, वाचून झाल्या की पुढच्या गावाला.

आता अस्पृश्यांच्या शाळांचं बघा. सयाजीरावांनी अधिकार हाती येताच या शाळा काढल्या. इमारत मिळाली, पैसा मिळाला, शिक्षक मिळेनात. सवर्ण हिंदू शिक्षक या मुलांना शिकवायला तयार नव्हते. मग मुसलमान शिक्षक नेमले. पुढं १९०८ मध्ये पंजाबातून आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी आले आणि त्यांनी शाळा, वसतिगृहांचं काम अंगावर घेतलं.

याच धोरणातून मुंबईतल्या एका महार विद्यार्थ्याला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली. भीमराव आंबेडकर. आधी एल्फिन्स्टन कॉलेजसाठी महिना २५ रुपये, मग १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अट अशी की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची.

१९१७ मध्ये बाबासाहेब शब्द पाळायला बडोद्यात आले. परदेशात शिकलेला एवढा मोठा अर्थतज्ज्ञ, महाराजांचा माणूस. पण गावात राहायला जागा देईना कुणी. ते एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. काही दिवसांत जात कळली आणि लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी मंत्र्यांकडे अर्ज केला होता, तोही लांबणीवर पडला होता. ओळखीच्या घरांतूनही नकार आला. मुंबईच्या गाडीला वेळ होता म्हणून ते शहरातल्या कामाठी बागेत पाच तास बसून राहिले.

ही बाग सयाजीरावांच्याच काळात उभारलेली, सर्वांसाठी खुली. शाळेपासून कोलंबियापर्यंतचा रस्ता सरकारला आखता आला होता. स्वतःच्या कचेरीतल्या शिपायाचा हात आणि शेजारच्या घराचं दार मात्र हुकमानं उघडलं नाही. शिवाय इथं अर्ज लांबवणारे मंत्री महाराजांचेच होते, त्यामुळे सगळा दोष समाजावर ढकलून सयाजीरावांना मोकळं सोडता येत नाही.

त्यानंतरही ते थांबले नाहीत. १९३१ मध्ये हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा झाला, १९३२ मध्ये राज्यातली सरकारी देवळं अस्पृश्यांना खुली झाली. ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत सयाजीरावांचं निधन झालं. १९४९ मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. सगळ्या भारतातल्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेनं केला तो २००९ मध्ये, म्हणजे बडोद्यानंतर १०३ वर्षांनी.

कामाठी बाग आता सयाजी बाग म्हणून ओळखली जाते. बाबासाहेब जिथं बसले होते त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. दरवर्षी सप्टेंबरमध्ये लोक तिथं जमतात.