ब्रेकमधला पास्कल

दादा नोकरीला लागला आणि त्याची जुनी माउंटन बाईक माझ्या वाट्याला आली. पहिल्याच रविवारी होस्टेलच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला, तर लीव्हर सरळ हँडलला टेकला! खाली मेसची रांग उभी. पुढच्या ब्रेकवर कशीबशी थांबले, पण गुडघा फुटलाच.

वर्कशॉपमधल्या काकांनी चाक काढून दाखवलं. कॅलिपरमधल्या पिस्टनचे सील झिजून तेल गळत होतं आणि पॅडचा नुसता पत्रा उरला होता. हा ब्रेक चालतो कसा, असं त्यांनी विचारलं. मी पास्कलचा नियम इंग्लिशमध्ये धडाधडा म्हणून दाखवला. काका हसले. नियम ब्रेकमध्ये नेमका कुठे आहे ते दाखव, म्हणाले. मला दाखवता येईना. कॉन्व्हेंटमध्ये याच उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते! त्या संध्याकाळी लायब्ररीत गेले आणि या पास्कलच्या मागे लागले.

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समध्ये क्लेरमाँ इथे झाला. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन सरकारी अधिकारी आणि गणिताचे शौकीन. १६३१ मध्ये ते मुलांना घेऊन पॅरिसला आले आणि त्यांना घरीच शिकवू लागले. आधी लॅटिन-ग्रीक, गणित नंतर, असा त्यांचा हुकूम. गणिताची पुस्तकं कुलपात! पण बारा वर्षांचा ब्लेझ जमिनीवर कोळशाने आकृत्या काढून त्रिकोणाच्या कोनांची बेरीज स्वतःच शोधताना सापडला, असं त्याच्या बहिणीने लिहून ठेवलंय. मग काय, वडिलांनीच हार मानली.

पुढे वडिलांना रुआँ शहरात करवसुलीचं काम मिळालं. त्यांची हिशोबाची दगदग पाहून १६४२ मध्ये, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान असताना, पास्कलने दातेरी चाकांचं बेरीज-वजाबाकीचं यंत्र करायला घेतलं. त्यासाठी पन्नासेक नमुने बनवले. आपला एक जॉब बिघडला की आपण मित्राचा जॉब मागायला जातो!

त्या काळी निसर्गाला पोकळी चालत नाही, असं मोठमोठे विद्वान मानत. पास्कलला हे नुसतं मान्य करायचं नव्हतं. त्याच्या सांगण्यावरून १९ सप्टेंबर १६४८ रोजी मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्यूय द दोम डोंगरावर चढला. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली आला. पायथ्याशी ठेवलेल्या दुसऱ्या नळीत मात्र दिवसभर फरक पडला नाही. वर हवा कमी, म्हणून तिचा दाबही कमी!

मग तो द्रवांकडे वळला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखा पोचतो. एक पिस्टन दुसऱ्याच्या शंभरपट मोठा केला, तर लहान पिस्टनवरचा एक माणूस मोठ्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरतो. मात्र फुकट काही नाही. लहान पिस्टन शंभर इंच सरकेल, तेव्हा मोठा एक इंच सरकेल.

प्रकृती त्याला कधीच साथ देत नव्हती. १६५१ मध्ये वडील गेले, लगेच धाकटी बहीण जॅकलीन मठात गेली. १६५४ मध्ये फर्माशी पत्रव्यवहार करून त्याने संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला धार्मिक अनुभव आला. तो कागदावर लिहून त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. पुढचं आयुष्य बरंचसं धर्मचिंतनात गेलं. तरी १६६२ मध्ये पॅरिसमध्ये कमी भाड्याच्या, ठरलेल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या घोडागाड्या सुरू करण्यात तो होताच. त्याच वर्षी १९ ऑगस्टला तो गेला. वय अवघं ३९. द्रवांचा आणि हवेचा दाब यांवरचं त्याचं पुस्तक छापून आलं १६६३ मध्ये. ते त्याने पाहिलंच नाही.

पुढच्या रविवारी काकांच्या देखरेखीखाली मी जुना ब्रेक उतरवला आणि लीव्हर, होज, कॅलिपर, पॅड असा नवा सेट चढवला. लीव्हरमध्ये छोटा पिस्टन, कॅलिपरमध्ये मोठे. नियम अखेर बोटाला लागला! होज मापाने कापली, सगळं घट्ट केलं, लीव्हर दाबला... पुन्हा स्पंजासारखा! होजमध्ये हवा शिरली होती. तेल दबत नाही, हवा दबते. माझा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच जात होता. सिरिंजने कॅलिपरकडून मिनरल ऑइल हळूहळू वर ढकललं, तसे बुडबुडे लीव्हरकडून बाहेर पडले. (मोटरसायकलचं ब्रेक ऑइल यात घालू नका, सील खराब होतात.) लीव्हर घट्ट झाला. सपाट रस्त्यावर वीसेक वेळा ब्रेक लावून पॅड बसवले, मगच उतारावर गेले.

मेसच्या रांगेच्या बरंच अलीकडे सायकल थांबली. वायवाला आता पास्कलचा नियम विचारलाच, तर सरांना सायकलपाशीच घेऊन जाईन म्हणते!