हॅरी मिलर

हॅरी आर्मिनियस मिलर (९ डिसेंबर, १८७५ - ३ मे, १९४३) हे अमेरिकन मेकॅनिक आणि शर्यतीच्या मोटारींचे व इंजिनांचे निर्माते होते. त्यांच्या रचनेतून विकसित झालेली इंजिने अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यत तसेच छोट्या अंडाकृती धावपट्ट्यांवरील स्प्रिंट कार शर्यतींमध्ये अनेक दशके वापरली गेली.

कारकीर्द

मिलर यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील मेनॉमनी येथे झाला. पुढे लॉस एंजेलस येथे त्यांनी कार्ब्युरेटरच्या व्यवसायात जम बसवला. १९१७ मध्ये त्यांनी चालक बार्नी ओल्डफील्ड यांच्यासाठी 'गोल्डन सबमरीन' ही बंदिस्त सांगाड्याची मोटार बांधली. आराखडे काढणारे लिओ गूसन आणि यंत्रकाम सांभाळणारे फ्रेड ऑफेनहाउझर हे त्यांचे प्रमुख सहकारी होते.

१९२२ मध्ये जिमी मर्फी यांनी ड्यूसेनबर्ग मोटारीत मिलर इंजिन बसवून इंडियानापोलिस ५०० जिंकली. मिलर यांनी पुढच्या चाकांना गती देणाऱ्या शर्यतीच्या मोटारीही बांधल्या. १९२८ मध्ये लिऑन ड्युरे यांनी अशाच मोटारीतून पात्रता फेरीत ताशी सुमारे १९७ किमी वेग गाठला. तिचे इंजिन केवळ दीड लिटर क्षमतेचे होते.

दिवाळखोरी व अखेरचा काळ

नव्या कल्पनांवर मिलर सढळ हाताने खर्च करीत. हिशेबाकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष होई. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, त्यांचे दिवाळे निघाले. कारखान्यातील यंत्रसामग्रीचा काही भाग आणि इंजिनाचे आराखडे ऑफेनहाउझर यांनी विकत घेतले.

१९३५ मध्ये मिलर यांनी प्रेस्टन टकर यांच्यासह फोर्ड कंपनीसाठी दहा मोटारी बांधल्या. त्यांपैकी चार शर्यतीत उतरल्या. परंतु एक्झॉस्टच्या उष्णतेमुळे स्टिअरिंगची यंत्रणा अडकत असल्याने एकही शर्यत पूर्ण करू शकली नाही. त्यानंतर त्यांनी गल्फ कंपनीसाठी मागे इंजिन असलेल्या, चारही चाकांना गती देणाऱ्या मोटारी बांधल्या. १९४३ मध्ये डेट्रॉइट येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

मिलर यांच्या चार सिलिंडरच्या इंजिनावरून घडलेले इंजिन 'ऑफेनहाउझर' किंवा 'ऑफी' या नावाने प्रसिद्ध झाले. १९४७ ते १९६४ या काळातील प्रत्येक इंडियानापोलिस ५०० शर्यत याच इंजिनाच्या मोटारीने जिंकली. मिलर यांच्या रचनेला सर्वाधिक यश मिळाले ते अशा प्रकारे त्यांच्या सहकाऱ्याच्या नावाने.