पंडिता रमाबाई आणि सुबोध मराठी बायबल

अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. स्त्रियांनी संस्कृत शिकणे निषिद्ध मानले जात असता अनंतशास्त्रींनी पत्नीला ती विद्या दिली आणि पुढे आईनेच रमाबाईंकडून भागवत मुखोद्गत करून घेतले. तीर्थयात्रा करीत, देवळातून पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडत असे. श्रोत्यांपैकी बहुतेकांना मूळ श्लोकांचा अर्थ कळत नसे. केवळ श्रवणाने पुण्य लाभते, अशी त्यांची श्रद्धा होती. मद्रास इलाख्यातील दुष्काळात, १८७४ च्या सुमारास, आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून खंगून गेली. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविले.

याच शहरात काही ख्रिस्ती मंडळींनी त्यांच्या हाती बायबलचे संस्कृत भाषांतर दिले. संस्कृतात शास्त्रार्थ करणाऱ्या या विदुषीला ते मुळीच उमगले नाही! शब्द ओळखीचे, पण त्यांची ठेवण परकी आणि विचारही निराळा. ते वाचण्यात वेळ दवडू नये असे त्यांना वाटले. पुढे बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह होऊन त्या आसामातील सिल्चर येथे राहू लागल्या. तेथे घरातील पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि ती मात्र त्यांनी आवडीने वाचली. ज्या ग्रंथाने एका भाषेत दार लावून घेतले, तोच दुसऱ्या भाषेत सहज उघडला.

१८८२ मध्ये पतीचे निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु धर्मगुरू सांगतील तो अर्थ निमूटपणे मान्य करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ग्रंथ स्वतः वाचावा आणि स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावा, या भूमिकेवरून तेथील भगिनींशी त्यांचे वाद झाले. क्रुसावर लॅटिन शब्द कोरण्याऐवजी संस्कृत शब्द असावेत, असाही त्यांचा आग्रह होता. पुढे त्यांचे भाषेविषयीचे मत किती पालटले, हे पाहण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मायदेशी परतल्यावर त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन स्थापन केले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले आणि धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. त्यानंतर दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो स्त्रिया व मुलींना त्यांनी केडगाव येथील मुक्ती सदनात आश्रय दिला. यांतील बहुतेक जणी खेड्यांतल्या होत्या. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्यापुढे प्रचलित मराठी बायबल ठेवले, तेव्हा अडचण उभी राहिली. मिशनऱ्यांनी पंडितांच्या साहाय्याने केलेल्या त्या भाषांतरात संस्कृत शब्दांची रेलचेल होती. शिवाय अशा शब्दांना जुन्या धर्मकल्पना चिकटलेल्या असतात, त्यामुळे मूळ अर्थ झाकला जातो, अशी रमाबाईंची तक्रार होती.

उपलब्ध भाषांतर पसंत नाही, तर नवे करावे, असे त्यांनी ठरविले. इंग्रजीवरून मराठी करणे सोपे होते, पण तो मार्ग त्यांना मान्य नव्हता. म्हणून वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांच्या अभ्यासाला वाहून घेतले आणि मूळ ग्रंथाशी ताडून शब्दन् शब्द निवडला. संस्कृत ही ज्यांची बालपणापासूनची कमाई, त्यांनीच ती बाजूला सारून घरगुती मराठी जवळ केली. आश्रमातच छापखाना होता. खिळे जुळवणे, छपाई करणे, पुस्तके बांधणे ही कामे तेथील मुली शिकल्या. ज्यांना वाचता यावे म्हणून हा खटाटोप, त्यांच्यापैकीच काहींचे हात या छपाईला लागले.

सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. अखेरच्या काळात रमाबाईंना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी सोडले नाही. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

या भाषांतरात उणिवा नाहीत असे नाही. मूळ शब्दक्रम जपण्याच्या अट्टहासाने काही वाक्ये अवघडली आणि सोपेपणाचा हेतू तेथे थोडा मागे पडला. मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीचे भाषांतरच रूढ राहिले. तथापि, संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून एका स्त्रीने एकहाती भाषांतरित केल्याची उदाहरणे जगात फारच थोडी आहेत आणि त्यांपैकी एक मराठीत आहे.