मुंबईच्या तलावांपासून प्रवाळापर्यंत

समुद्रातील प्रवाळावर कधी कधी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. आतून मात्र तो पोखरला गेलेला असतो. ही करणी असते पोखरणाऱ्या स्पंजाची. तो आतच दडून राहत असल्याने केवळ बाहेरून पाहून त्याची जात ठरविणे अवघड असते. अशा स्पंजांची ओळख पटविण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. हेन्री जॉन कार्टर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचा स्पंजांचा अभ्यास सुरू झाला तो मुंबईत.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात १८१३ मध्ये जन्मलेले कार्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत मुंबईस आले. 'पॅलिन्युरस' या सर्वेक्षण जहाजावरून त्यांनी अरबस्तानचा किनारा पाहिला. रुग्णालयातील काम सांभाळून ते सूक्ष्मदर्शकाखाली तलावांचे पाणी तपासत. त्या काळी स्पंज ही वनस्पती की प्राणी, हा वाद पुरता मिटला नव्हता. मुंबईच्या तलावांतील स्पंजांवर १८४९ च्या सुमारास लिहिलेल्या निबंधांत त्यांनी प्राणी असण्याच्या बाजूने पुरावे मांडले. त्यांनी वर्णिलेली 'स्पंजिला अल्बा' ही जात आजही मान्य आहे. १८५२ मध्ये त्यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवरही लिहिले. या बेटाचा काळा कातळ मुरबाड, टोकावडे ओलांडून माळशेजपर्यंत पसरलेल्या लाव्हाचाच भाग आहे.

'ग्रेज अ‍ॅनॅटॉमी'ची चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हेही मुंबईतच होते. त्यामुळे या दोघांच्या नावांची गल्लत होते.

स्पंजाचा आकार आणि रंग फसवे असतात. खरी खूण असते त्याच्या शरीरातील गारेच्या सूक्ष्म सुयांची, म्हणजेच कंटिकांची. आम्लात प्रवाळाचा चुना विरघळतो, कंटिका उरतात. त्यांच्या आकारावरून जात ठरते. निवृत्तीनंतर जन्मगावी परतलेल्या कार्टर यांनी याच कसोटीवर देशोदेशीचे नमुने तपासले. १८७९ मध्ये त्यांनी 'अ‍ॅलेक्टोना मिलारी' या पोखरणाऱ्या स्पंजाचे वर्णन प्रसिद्ध केले. मन्नारच्या आखातातून वर काढलेल्या नमुन्यांवरील त्यांच्या १८८० च्या अहवालातही असे स्पंज आहेत.

रॉयल सोसायटीने १८५९ मध्ये त्यांना सदस्यत्व आणि १८७२ मध्ये रॉयल पदक दिले. भारतातील तळ्यांत सर्वत्र आढळणाऱ्या एका स्पंजाला १८६३ मध्ये त्यांचे नाव मिळाले. आज तो 'युनापियस कार्टेरी' म्हणून ओळखला जातो. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

समुद्राचे तापमान वाढून प्रवाळ दुबळे होत असताना पोखरणाऱ्या स्पंजांचे फावते. कोणत्या जातीने कोठे शिरकाव केला, हे कळल्याशिवाय हानीचा नेमका अंदाज बांधता येत नाही. आता जनुकांची तपासणी होते, तरी कंटिकांची कसोटी सुटलेली नाही. मुंबईतील अनेक तलाव मात्र बुजविले गेले. धोबी तलाव आणि गवालिया टँक ही आता केवळ नावेच उरली आहेत.